एक जूनला जन्मलेलं शहर

आमच्या टीममध्ये नव्यानं आलेल्या एका सहकाऱ्यानं मध्यंतरी एक बग नोंदवला. ग्राहकांच्या जन्मतारखांचा आलेख काढला, तर वर्षभर साधारण सपाट रेघ दिसत होती आणि १ जूनवर एकदम उभा सुळका. तारीख रिकामी राहिली की सिस्टीम आपोआप १ जून भरत असणार, असं त्याचं म्हणणं. तो महाराष्ट्राबाहेरचा होता. मी त्याला सांगितलं, सिस्टीम ठीक आहे. तारीख आपोआप भरली होती, पण ती हेडमास्तरांनी.

माझ्या आजोबांचा वाढदिवस १ जून, आजीचाही १ जून. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा तोच. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराचं वय भरलेलं दाखवायचं असायचं, आणि आई-बापाला तारीख सांगता यायची नाही. मग मास्तर पोराकडे एक नजर टाकून वर्ष ठरवायचे आणि पुढे १ जून लिहायचे. इतर राज्यांत असाच १ जुलै किंवा १ जानेवारी सापडतो.

आता माझ्या ताईचं घर बघा. भाचीचा खो-खोचा सराव, भाच्याचं क्रिकेट कोचिंग, दोघांचे वाढदिवस, त्यांच्या मित्रांचे वाढदिवस, सहामाही, दिवाळीची सुट्टी, गड्डा, स्पर्धा, उन्हाळी शिबिर. फोनमधलं कॅलेंडर चार रंगांनी भरलेलं असतं. ताई आणि दाजी दोघंही नोकरी करतात, त्यामुळे कोण कुणाला कुठे सोडणार यावर रोज वाटाघाटी चालतात. हे सगळं आपल्याला इतकं सवयीचं झालंय, की मुलांना वाढदिवस असतो, रविवार असतो, खेळायची वेळ असते, हे कायमचंच आहे असं वाटतं. सोलापूरच्या इतिहासात थोडं मागे गेलं की कळतं, यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी कधीतरी कागदावर आणली आहे. काही भांडून, काही मोजून, काही अंदाजानं.

वय विचारणारं गेट

सोलापुरातली पहिली कापड गिरणी १८७७ ची. मोरारजी गोकुळदासांची ही 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग' गावाच्या तोंडी झाली 'जुनी मिल'. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल आल्या आणि शहर भोंग्यावर उठू-झोपू लागलं.

तोवर वय घटनांवर मोजलं जायचं. 'मोठ्या दुष्काळात झाला', 'पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली'. आईला तेवढं पुरायचं. कायद्याला पुरेना. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तासांची मर्यादा आणि महिन्याला ४ सुट्ट्या दिल्या. १८९१ मध्ये किमान वय ९ झालं आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ७ तास. १९२२ मध्ये किमान वय १२ वर गेलं, १९४८ मध्ये १४ वर.

हे आकडे सावकाश वाचा. १८८५ साली आठ वर्षांचं पोर मिलमध्ये दिवसाला नऊ तास काम करत असेल, तर ते पूर्णपणे कायदेशीर होतं. ताईचा मुलगा आत्ता आठ वर्षांचा आहे.

म्हणजे कामगार घरातल्या मुलाचं वय आकड्यात विचारणारी जी पहिली ठिकाणं होती, त्यात मिलचं गेट होतं. दाखला नसेल तर डॉक्टर मुलाला तपासून अंदाजानं वय ठरवायचे. मास्तरांची एक नजर आणि डॉक्टरांची एक नजर, दोन्हींत फरक एवढाच की एकीमुळे पोर शाळेत जायचं आणि दुसरीमुळे साच्यावर.

जन्मनोंदणीचा कायदा १८८६ मध्ये आला होता, पण ती नोंदणी ऐच्छिक होती. ती सक्तीची झाली १९६९ च्या कायद्यानं, आणि तो बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. आपल्या घरातल्या माणसांच्या जन्मतारखा वयानुसार मांडून बघा. एका पिढीपाशी येऊन १ जूनची रांग थांबते आणि १७ ऑगस्ट, ९ डिसेंबर, ४ फेब्रुवारी अशा खऱ्याखुऱ्या तारखा सुरू होतात. केक त्याच्यानंतर आला. औक्षण तिथीवर होत असे, फुगे लावायला मात्र तारीख लागते.

सगळ्यांचा एकच दिवस

रविवारची गोष्ट मुंबईतून सुरू होते. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याला एक दिवस सुट्टी हवी, ही मुख्य मागणी. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यात दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली आणि सोलापूरच्या कामगारालाही तिचा आधार मिळाला.

रविवार का, याचं एक उत्तर असं सांगितलं जातं की तो खंडोबाचा वार. सोलापूरकराला ते पटवून द्यावं लागत नाही. बाळ्याच्या खंडोबाला मार्गशीर्षातल्या रविवारी जी गर्दी होते, ती बघितली की साहेबाचा चर्चचा वार आणि आपला येळकोटाचा वार एकच निघाला हा केवढा सोयीचा योगायोग होता, ते कळतं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. लोखंड्यांनी मागितलेली सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी होती. माझे आजोबा मिलमध्ये होते. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, मग रातपाळी. बाबा सांगतात, रातपाळीच्या आठवड्यात वडील म्हणजे दिवसा खोलीत झोपलेला माणूस, ज्याच्यासाठी गप्प बसायचं. शाळेतून आल्यावर खेळ गल्लीच्या टोकाला, आवाज न करता. रविवारी मात्र घरातली सगळी माणसं एकाच वेळी जागी असायची. त्या दिवशी मटण शिजायचं, आणि पोरांना वडील उभे दिसायचे.

खेळायला मिळालेलं वय

कसोटी क्रिकेटमध्ये भारतासाठी पहिलं द्विशतक झळकावणारे पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, २८ मार्च १९२६ ला. हैदराबादला १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. त्यांची जन्मतारीख अचूक नोंदलेली आहे, यातूनही घर कसं होतं ते थोडं कळतं. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता, पुढे कुटुंब मुंबईला गेलं.

१९३८ मध्ये उम्रीगर बारा वर्षांचे झाले. तेव्हा १९३४ चा फॅक्टरी कायदा लागू होता. त्यानुसार बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला पाच तास कामाला लावता येत होतं. त्यांच्याच वर्षी याच शहरात जन्मलेल्या, हातात ताकद आणि नजर असलेल्या एखाद्या पोराचं काय झालं असेल, त्याची कुठे नोंद नाही. खेळाडू घडायला गुण लागतात हे खरंच, पण दुपारचे चार-पाच मोकळे तास आधी लागतात.

खो-खोचंही तसंच. गल्लीतल्या या खेळाला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये नियम बांधून दिले. मैदानाची मापं ठरली, वेळ ठरली. बूट नको, बॅट नको, फक्त जागा आणि जमेल तेवढी पोरं, म्हणून तो मराठी शाळांमध्ये रुजला. पहिला खो-खो विश्वचषक दिल्लीत १३ ते १९ जानेवारी २०२५ मध्ये झाला आणि भारताच्या मुली आणि मुलगे, दोघंही जिंकले. भाची ते सामने फोनवर बघत होती, आणि बाहेर गड्डा भरला होता.

गड्डा, पंचांग आणि बारा जानेवारी

सोलापूरच्या मुलांचं वर्ष खरं सुरू होतं जानेवारीत. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा संक्रांतीच्या आगेमागे भरते. सिद्धरामांशी लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येची ही कथा आहे. त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं, ते दरवर्षी पुन्हा लागतं. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे यण्णीमज्जन. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. मग होम, शोभेचं दारूकाम, शेवटी कप्पडकळी. सात नंदीध्वज खांद्यावर घेऊन माणसं चालतात. शब्द कानडी, मंगलाष्टकांना जमलेली गर्दी मराठी-कानडी-तेलुगू, आणि होम मैदानावर पाळणे. पोरांच्या लेखी गड्डा म्हणजे पाळणे.

ही संक्रांत कधी, हे महाराष्ट्रातली असंख्य घरं सोलापूरलाच विचारतात. दाते पंचांग इथलं. लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी ते शके १८३८ मध्ये, म्हणजे १९१६ साली सुरू केलं. भोंग्यावर चालणाऱ्या शहरातच कुणीतरी तिथ्यांचं गणित मांडत बसलं होतं, हे मला फार आवडतं. दोन घड्याळं एकाच गावात चालू होती.

गणिताचीच गंमत सांगतो. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले, तो दिवस संक्रांतीचा होता. आता संक्रांत १४ किंवा १५ ला येते. पंचांगाचं सौरवर्ष ताऱ्यांवर मोजलेलं, इंग्रजी वर्ष ऋतूंवर. दोन्हींत वर्षाला वीसेक मिनिटांचा फरक पडतो आणि साधारण सत्तर वर्षांत एक दिवस साचतो.

१२ जानेवारीला सोलापूरचं आणखी एक कारण आहे. मे १९३० मध्ये हे शहर काही दिवस इंग्रजांच्या हाताबाहेर गेलं. १२ मेला मार्शल लॉ लागला. पुढच्या जानेवारीत, १२ तारखेला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. म्हणजे ऐन यात्रेच्या तोंडावर. त्यांच्या नावाची 'हुतात्मा एक्सप्रेस' आज पुण्यात नोकरी करणाऱ्या आम्हा पोरांना शनिवार-रविवारी घरी आणते.

सुट्टी नसलेली सुट्टी

काम नाही म्हणजे सुट्टी, असं नसतं. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 'चिरंजितलाल चौधरी' या नावानं तो आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात, समानतेच्या कलमासाठी. त्या निकालात भागधारक आहेत, संचालक आहेत. मधल्या महिन्यांत वडील दिवसभर घरी बसलेले बघणारी मुलं त्यात नाहीत. विसावं शतक सरताना उरलेले भोंगेही एकेक करून थांबले, तेव्हा तशीच मुलं पुन्हा झाली.

दुसरी जागा म्हणजे सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांनी सोलापुरात काही जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तिथे हजेरी होती, मिलमधलं काम होतं, आणि परवानगीशिवाय बाहेर जाणं नव्हतं. देशभर तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. त्या वस्तीचं नाव आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आहे आणि ३१ ऑगस्ट विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. शाळेला त्या दिवशी सुट्टी नसते.

तिसरी जागा अजून चालू आहे. पूर्व भागात बाई घरीच बिड्या वळते. पानं कापणं, जुड्या बांधणं ही कामं मुलांच्या हातात येतात, आणि मे महिन्यात जास्त येतात, कारण शाळा बंद असते. घरात भोंगा वाजत नाही, म्हणून पाळी संपत नाही. फॅक्टरी कायद्याचे सगळे आकडे गेटपाशी थांबले, उंबरा ओलांडून आत आले नाहीत. ताईच्या घरात ज्याला उन्हाळी शिबिर म्हणतात, त्याच महिन्यात दोन किलोमीटरवर एखादी दहा वर्षांची मुलगी हजाराच्या हिशोबात आईचा हात हलका करत असते.

मीसुद्धा आता बराचसा घरूनच काम करतो. पगार, पंखा, खुर्ची सगळं वेगळं आहे, बिडीवालीशी माझी तुलना होऊ शकत नाही. पण घराचा कारखाना झाला की काय होतं, ते मला तिच्यामुळे दिसतं. ऑन-कॉल असलेल्या रविवारी मी घरात असतो आणि नसतोही. आमच्या कंपन्या आता 'सोयीनुसार सुट्टी घ्या' म्हणतात. ऐकायला छान वाटतं. पण माझी सोय मंगळवारी, ताईची शुक्रवारी आणि मुलांची रविवारी असेल, तर सुट्ट्या तीन होतात आणि एकत्र जेवण एकही होत नाही.

१८९० मध्ये ज्यांनी रविवार मागितला, त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःची जन्मतारीख माहीत नसणार. तरी त्यांना हे नेमकं ठाऊक होतं की सुट्टी एकेकट्यानं घेऊन भागत नाही, ती सगळ्यांची एका दिवशी पडावी लागते. कॅलेंडरमध्ये रंग कितीही भरा, त्यातला एक चौकोन सगळ्यांनी मिळून मोकळा ठेवावा लागतो. आणि तो चौकोन जोवर पूर्व भागातल्या त्या मुलीच्या भिंतीवर नाही, तोवर लोखंड्यांचं काम अर्धंच झालेलं आहे.