कुंपण शेत खाते तेव्हा

कुंपण कशासाठी घालतात हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पीक हाताशी आले म्हणजे तो बांधावर काटेरी फांद्या रचतो आणि मगच रात्री निवांत पाठ टेकतो. परक्याची गुरे आत शिरली तर त्यांना हुसकता येते, चोर आला तर हाळी देता येते. पण कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची? आपल्या वाडवडिलांनी हा सवाल एका म्हणीत गोठवून ठेवला. आपल्या देशाच्या संसदेने या सवालाचे उत्तर कसे शोधले, त्याची हकीकत आज मी सांगणार आहे.

‘कायदा व सुव्यवस्था’ हे शब्द कानी पडले की आपल्यासमोर पोलीस, लाठी आणि तुरुंग उभे राहतात. चोरी, दरोडा, दंगाधोपा यांचा बंदोबस्त म्हणजे सुव्यवस्था, अशी आपली साधारण समजूत. राज्यघटनेने पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे सोपविले आहेत. म्हणून कुठल्याशा जिल्ह्यातील दंगलीची गोष्ट दिल्लीत निघाली, की ‘हा राज्याचा विषय आहे’ असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. परंतु अव्यवस्था नेहमी रस्त्यावरच माजते असे नाही. ती कचेरीच्या कपाटात, हिशेबाच्या वहीत, बंद दाराआडच्या बैठकीतही माजते. तिथे दगड पडत नाहीत, काचा फुटत नाहीत. म्हणून ती लवकर दिसत नाही, एवढेच. ती उजेडात आणणे हे संसदेचे काम, आणि त्यासाठी तिच्या हाती लाठी नाही. आहे तो फक्त प्रश्न.

पहिला प्रश्न सभागृहाला स्वतःलाच विचारावा लागला. १९५१ साल. पहिल्या सार्वत्रिक निवडणुका अजून व्हायच्या होत्या आणि दिल्लीत हंगामी संसद काम करीत होती. मुंबईचे एक सभासद एच. जी. मुद्गल यांच्यावर आरोप आला की, मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते संसदेत तिच्या बाजूने प्रश्न विचारतात व तिचे काम करतात. रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती. मुद्गल सत्ताधारी काँग्रेस पक्षाचेच होते. पक्षाच्या बैठकीत चार शब्द सुनावून प्रकरण मिटविता आले असते. पण पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी स्वतः सभागृहात ठराव मांडून चौकशी समिती नेमविली. समितीने आरोप खरे ठरविले. सप्टेंबर १९५१ मध्ये मुद्गल यांना काढून टाकण्याच्या ठरावावर चर्चा झाली. मत पडण्याच्या आधीच मुद्गल यांनी राजीनामा दिला. तरीही सभागृहाने, हा सभासद काढून टाकण्यासच पात्र होता, अशी नोंद करून ठेवली. या चौकशी समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. हे नाव ध्यानात ठेवा. पुढे ते आपल्याला निराळ्या ठिकाणी भेटणार आहे.

आता दुसरी गोष्ट. ही जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात तुमच्या-आमच्या पैशाचा संबंध आहे.

त्या काळी आयुर्विम्याचा धंदा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. लोक पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरीत आणि काही मालक मंडळी तो पैसा आपल्या इतर धंद्यांत फिरवीत. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी नावाच्या सभासदाने लोकसभेत या गैरव्यवहाराची चिरफाड केली. फिरोज गांधी काँग्रेसचे, आणि पंतप्रधानांचे जावई. पुढच्याच महिन्यात सरकारने आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. लहानमोठ्या २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. लोकांना वाटले, आता आपला पैसा सरकारच्या कुंपणात सुरक्षित झाला.

वर्षही उलटले नाही तोच, जून १९५७ मध्ये या महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्याकडून सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. मुंध्रा त्या वेळी पैशाच्या मोठ्या अडचणीत होते. पैसे कुठे गुंतवावेत याचा सल्ला देण्यासाठी महामंडळाची एक गुंतवणूक समिती होती. या व्यवहाराआधी तिला विचारलेच नाही. आता पाहा, गावच्या सोसायटीच्या चेअरमनने कमिटीला न विचारता एखाद्या बुडत्या व्यापाऱ्याचा माल सोसायटीच्या पैशाने उचलला, तर सभासद काय म्हणतील? तोच हा प्रकार, फक्त आकडा कोटीचा.

सप्टेंबर १९५७ मध्ये डॉ. राम सुभग सिंह यांनी लोकसभेत याबद्दल प्रश्न विचारला. उत्तर आले, पण असे की ऐकणाऱ्याच्या हाती धड काही लागू नये. नोव्हेंबरात पुन्हा प्रश्न निघाला. अखेर १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी चर्चेला उभे राहिले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. शेअरचे बाजारातले भाव, महामंडळाने दिलेले भाव, व्यवहाराच्या तारखा आणि सरकारने आधी दिलेली उत्तरे त्यांनी सभागृहापुढे ओळीने मांडली आणि विचारले, हा मेळ कसा बसतो? समोर अर्थमंत्री बसले होते. ते कोण? टी. टी. कृष्णम्माचारी. सहा वर्षांपूर्वी मुद्गल यांच्या चौकशीचे अध्यक्ष होते, तेच. काल तराजू ज्यांच्या हाती होता, तेच आज पारड्यात बसले. यालाच कायद्याचे राज्य म्हणतात. तराजू कोणाच्या मालकीचा नसतो.

येथे एक गोष्ट माझ्या शिक्षक मित्रांनी विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी. आरोप आणि प्रश्न यांत मोठे अंतर आहे. आरोपाला आवाज पुरतो. प्रश्नाला अभ्यास लागतो. आरोपाला उलट आरोप करून गप्प बसविता येते. पण ‘अमुक तारखेला बाजारात भाव इतका असता तुम्ही तितका का दिलात?’ असे कोणी विचारले, तर त्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हे त्याचे एकमेव सभासद. जानेवारी १९५८ मध्ये काम सुरू झाले आणि सारी चौकशी उघड्यावर व्हावी असा छागलांचा आग्रह होता. मुंबईत सुनावणीला एवढी गर्दी लोटली की आत जागा न मिळालेल्यांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. डोळ्यांपुढे आणा : देशाचा अर्थमंत्री साक्ष देतो आहे, अर्थखात्याचे सचिव जबाब देत आहेत, बडे बडे बँकप्रमुख उलटतपासणीला उभे आहेत, आणि रस्त्यावरचा माणूस ते ऐकतो आहे! दहा वर्षांपूर्वीपर्यंत या देशात गोऱ्या साहेबाला जाब विचारण्याची सोय नव्हती.

साक्षींत गाठ पडली ती अशी. मंत्री म्हणाले, हा व्यवहार माझ्या संमतीने झाला नाही. सचिव एच. एम. पटेल म्हणाले, मंत्र्यांना त्याची कल्पना होती. कोणाचे खरे मानायचे? छागलांनी महिनाभरात, १० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवाल दिला. तत्त्व त्यांनी स्वच्छ सांगितले : संसदीय राज्यपद्धतीत हाताखालच्या अधिकाऱ्याच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्यानेच घ्यायची असते, त्याला सचिवाच्या आड लपता येत नाही. महामंडळाचा पैसा विमेदारांच्या हितासाठीच वापरावा आणि अशा बाबतीत संसदेला लवकरात लवकर विश्वासात घ्यावे, हेही त्यांनी बजावले. आठ दिवसांत कृष्णम्माचारींचा राजीनामा झाला.

मला या इतिहासाचा गोडवाच तेवढा सांगायचा नाही. त्याला कडू बाजूही आहे. कृष्णम्माचारींनी स्वतः पैसे खाल्ले, असे आयोगाने म्हटले नव्हते. नेहरूंनाही त्यांच्या सचोटीबद्दल शंका नव्हती. अधिकाऱ्यांची पुढे निराळी चौकशी झाली आणि पटेलांनी सरकारी नोकरी सोडली. अशा उघड चौकशीत माणसाची अब्रू निकाल लागण्यापूर्वीच चव्हाट्यावर येते, अशी तक्रार तेव्हाही झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पुढे हीच दोन्ही माणसे पुन्हा वर आली. कृष्णम्माचारी १९६३ मध्ये परत अर्थमंत्री झाले आणि पटेल १९७७ मध्ये. म्हणजे राजीनामा ही फाशी नव्हे. ‘माझ्या खात्यात झाले, म्हणून उत्तर मी देतो,’ एवढे त्यातून सांगायचे असते. ते सांगून बाजूला होणाऱ्याला लोक पुन्हा जवळ करतात.

श्रोतेहो, फिरोज गांधींची आणखी एक कामगिरी आहे आणि तिचा तुमच्या घरातल्या रेडिओशी थेट संबंध आहे. संसदेत सभासदाला निर्भयपणे बोलता येते. त्याबद्दल त्याच्यावर खटला होत नाही. पण ते भाषण छापणाऱ्या वर्तमानपत्राला मात्र हे संरक्षण नव्हते. मग प्रश्न सभागृहाच्या चार भिंतींतच राहायचा! फिरोज गांधींनी खाजगी सभासदाचे विधेयक मांडून १९५६ मध्ये कायदा करवून घेतला. संसदेच्या कामकाजाचे खरे आणि निर्मळ हेतूने दिलेले वृत्त छापणाऱ्याला त्याने संरक्षण दिले, आणि रेडिओवरून सांगणाऱ्यालाही. आणीबाणीच्या काळात हा कायदा रद्द झाला. १९७७ मध्ये तो नव्याने आला आणि पुढे घटनादुरुस्तीने त्याला राज्यघटनेतच जागा मिळाली. फिरोज गांधी हे पाहायला नव्हते. १९६० मध्येच ते वारले होते.

नंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. जून १९६२ मध्ये गृहखात्याच्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा चालू असता अनेक सभासदांनी लाचलुचपतीबद्दल पोटतिडिकीने भाषणे केली. गृहमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी ते टीकेचे बोल झटकून टाकले नाहीत. ते म्हणाले, सभासदांनीच अधिकाऱ्यांबरोबर बसावे व उपाय सुचवावेत. त्यातून के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, आणि तिच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. १९६३ मध्ये लोकसभेतच लक्ष्मीमल सिंघवी यांनी ‘लोकपाल’ हा शब्द वापरला. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला. केंद्रातले लोकपाल विधेयक मात्र १९६८ मध्ये पहिल्यांदा मांडले गेले आणि कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. मधल्या काळात किती विधेयके आली आणि विरून गेली! अखेरीस नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २०११ मध्ये दिल्लीत उपोषण केले, तेव्हा कुठे गाडा हलला. पहिले लोकपाल नेमले गेले ते २०१९ मध्ये. आणि मुद्गल यांचे भूत? तेही परत आले. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतील मिळून ११ सभासदांना काढून टाकावे लागले. तेव्हा १९५१ चाच दाखला उपयोगी पडला.

आता तुम्ही म्हणाल, ‘मास्तर, हे सारे दिल्लीचे झाले, आमच्या गावाचे काय?’ गावाचेच तर सांगतो आहे.

या हकीकतीत एक गोष्ट दोनदा आली, ती तुमच्या लक्षात आली असेल. नेहरूंनी ठराव मांडला तो स्वतःच्या पक्षाच्या सभासदाविरुद्ध. फिरोज गांधींनी जाब विचारला तो स्वतःच्या पक्षाच्या मंत्र्याला, आणि तेही सासऱ्याच्या मंत्रिमंडळातल्या. विरोधकाच्या चुका दाखवायला फारसे धैर्य लागत नाही. ते तर राजकारणच आहे. कुंपण शेत खाऊ लागले की त्याला हटकणारा माणूस त्याच शेतातला असावा लागतो. परका ओरडला तर लोक म्हणतात, हा वैरभावाने ओरडतो.

आपल्या ग्रामसभेत काय होते? सरपंच दुसऱ्या पार्टीचा असेल, तर आपण विहिरीच्या खर्चाचा पैन् पै हिशेब मागतो. सरपंच आपल्या भावकीतला असेल, तर मात्र ‘जाऊ द्या, घरचंच आहे’ म्हणून मान खाली घालतो. त्या घटकेला आपल्या गावची सुव्यवस्था ढासळते. त्यासाठी दंगल व्हावी लागत नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा आरोप घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. कोणत्या कामाला किती पैसे आले, कोणत्या तारखेला गेले, कोणाच्या संमतीने गेले, एवढे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. उत्तर नाही मिळाले, तर माहितीचा अधिकार आहेच. आणि पहिला प्रश्न आपल्याच माणसाला विचारा. तो प्रामाणिक असेल, तर उत्तर देताना त्याची मान ताठ होईल. तो तसा नसेल, तर मात्र रात्री उठून कुंपणाकडे एक फेरी मारून आलेले बरे.