तोंड का आखडतं? मिरची, सुपारी आणि व्हायरसची गोष्ट

हेडफोन लावलेच आहेत तर एक करा. आपली तीन बोटं उभी धरून दातांमधून आत घाला. गेली? बरं. आपल्या यवतमाळात दोनच बोटं जाणारी पंचविशीतली पोरं मी पाहिलीत.

या आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. आधी तोंडाची आग होते, मग गालाच्या आत दोरीसारखे पट्टे तयार होतात. १९५२ मध्ये श्वार्त्झ नावाच्या डॉक्टरनं पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये तो नोंदवला. १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटलं, आणि तेच नाव टिकलं.

पण कारण काय? पहिला संशय मिरचीवर! जेवताना आग होते ना, मग दोष तिखटाचा. मुंबईत डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. खानोलकरांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सेसिन लावून बघितलं. १९६० साली ते छापूनही आलं. पुढे मात्र पुरावे सुपारीकडे वळत गेले. सुपारीतलं अरेकोलिन आणि तांबं मिळून तोंडातला तंतू जास्त बनवतात आणि तो घट्ट बांधतात. आपल्याकडे घरोघरी आजही भाजीतलं तिखट कमी होतं, पन्नीत घोटलेला खर्रा मात्र सुरूच. म्हणजे १९६० चा संशय अजून जिवंत आहे, भाऊ.

मग व्हायरस कुठून आला? १९८३ मध्ये फिनलंडच्या सिर्यानेन आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरशी एचपीव्हीचा संबंध असू शकतो असं मांडलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत स्लॉट्स आणि कॉन्ट्रेरास यांना हिरड्यांच्या जुनाट सुजेत हर्पीस कुळातले व्हायरस सापडले. तेव्हापासून आखडलेल्या तोंडातही एचपीव्ही शोधला गेला. काहींना सापडला, काहींना नाही.

आता सापडला म्हणजे त्यानंच केलं, असं होत नाही. जळालेल्या घरात मांजर सापडलं तर आग मांजरानं लावली म्हणायचं का? सुजलेल्या, सोललेल्या जागी व्हायरस सहज मुक्काम करतो. हिरड्यांच्या बाबतीत तो सूज वाढवतही असेल, ती चर्चा खरी आहे. पण खर्र्याच्या तोंडात मी व्हायरसला फार तर जोडीदार मानेन. मुख्य आरोपी नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण "व्हायरल आहे, गोळी घेतली की जाईल" हे ऐकायला गोड लागतं. एचपीव्हीची लस चांगलीच आहे, पण ती सुपारीपासून वाचवत नाही. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, कॅन्सरकारक ठरवली. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आली. टपरीवर काय मिळतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

एकदा बनलेले पट्टे सहसा मागे जात नाहीत. खर्रा सोडला तर ते वाढणं थांबू शकतं, आणि तोंडाचे व्यायाम व उपचार यांनी थोडी उघडझाप सुधारते. नुसती आग होत असतानाच दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर हातात बरंच असतं.