पगडीवाल्या तैलचित्राची कुळकथा

जुन्या वाचनालयांत आणि सभागृहांत पगडी-उपरण्यातले देणगीदार भिंतीवरून अजूनही आपल्याकडे बघत असतात. या चित्रांचं मूळ थेट पेशवाईत जातं. त्याआधी आपल्या लघुचित्रांत माणूस बहुधा एका बाजूनं दिसे. एकच डोळा, सपाट रंग, सावली नाहीच. 1790 नंतर जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची तैलचित्रं त्यानं केली, आणि चेहरा वळून समोर आला.

पण ही कला इथल्या हातांत उतरायला पाऊणशे वर्षं लागली. 1857 साली मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली, 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले पेस्तनजी बोमनजी पारशी व्यक्तिचित्रांसाठी नावाजले. दक्षिणेतून आलेल्या राजा रविवर्मा यांनी 1881 च्या सुमारास बडोद्यात तरुण सयाजीरावांचं चित्र रंगवलं. मग संस्थानिकांमागोमाग शेटजी, वकील, न्यायमूर्ती यांचीही चित्रं होऊ लागली. माणूस हयात नसला, तर फोटोवरून काम होई.

माझ्या मते या चित्रकारांची खरी परीक्षा चेहऱ्यापेक्षा कपड्यांत होती. पारशी डगली पांढरी, आपलं उपरणंही पांढरं. नुसता पांढरा रंग फासला तर चुना दिलेली भिंत दिसायची. जवळून बघा: चुणीच्या खोलात निळसर राखाडी, अंगाजवळ पिवळट छटा, आणि निव्वळ पांढरा फक्त उजेड पडतो त्या कडेला, जाडसर. जरीकाठातही सोनं नसतं. तंजावरच्या चित्रांत सोन्याचा वर्ख चिकटवतात. इथे गेरूपिवळा, तपकिरी आणि वर फिकट पिवळ्याचे दोन-चार ठिपके. जवसाचं तेल सावकाश वाळतं, म्हणून रंग ओला असतानाच एकाला दुसऱ्यात मुरवता येतं. हे पाण्यातल्या रंगांना इतक्या सावकाशीनं साधत नाही.

आज ही बरीच चित्रं काळवंडलेली दिसतात. वरचं व्हार्निश पिवळं पडतं, त्यावर उदबत्तीचा धूर बसतो, आणि जयंतीला कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून हार घालतं. ते फडकं आधी थांबवायला हवं. चित्र जाणकाराकडून साफ करून घेतलं, तर डगलीचा पांढरा रंग पुष्कळदा परत दिसू लागतो.