कुलूप: रचना, प्रकार आणि बोर्डीच्या खाऱ्या हवेतला वापर

दार, फाटक, पेटी किंवा साखळी परक्या माणसाला उघडता येऊ नये म्हणून तिला अडकवायचे सुटे यंत्र म्हणजे कुलूप. दाराच्या फळीत कायमचे बसवलेले लॅच किंवा इंटरलॉक जागचे हलत नाही. कुलूप मात्र खिशात घालून कुठेही नेता येते. आज घराला लावलेले कुलूप उद्या सायकलच्या साखळीला चालते. मात्र कुलूप स्वतः काहीच अडवत नाही. ते ज्या कडीकोयंड्यात अडकवले आहे, तो कडीकोयंडा ज्या लाकडात ठोकला आहे आणि ते लाकूड ज्या भिंतीत आहे, त्या सगळ्यांची मिळून जी ताकद असेल तीच कुलपाची ताकद.

पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीसारख्या गावात याला आणखी एक बाजू आहे. डहाणू तालुक्यातले हे गाव थेट समुद्रावर आहे. इथे कुलूप फुटण्याइतकीच ते न उघडण्याचीही भीती असते. खारी हवा आणि वाळू यांमुळे चांगले महागडे कुलूपही एखाद्या पावसाळ्यात जाम होते.

शब्द कुठून आले

‘कुलूप’ हा शब्द अरबी-फारसी ‘कुफ्ल’ यावरून आला. मराठीत येताना त्यातल्या अक्षरांची अदलाबदल झाली. ‘टाळे’ हा शब्द संस्कृत ‘तालक’शी जोडला जातो, तर ‘किल्ली’चे नाते ‘कील’ म्हणजे खुंटी किंवा खिळा याच्याशी आहे. ‘चावी’ पोर्तुगिजांच्या ‘शाव्ह’ या शब्दावरून आली. घराला कुलूप लावतात आणि कारखान्याला टाळे ठोकतात, असा अर्थाचा बारीक फरक मराठीने राखला आहे. ‘टाळेबंदी’ हा शब्द आधी कामगार-मालक वादातला होता. २०२० मध्ये तो घराघरात पोहोचला.

आत काय असते

कुलपाचे बाहेरून दिसणारे भाग दोनच: धड आणि त्यातून निघणारी वाकडी दांडी. दांडीला आतल्या बाजूने खाच असते आणि धडातला खटका त्या खाचेत अडकतो. किल्लीचे काम तो खटका मागे सारणे एवढेच. चुकीच्या किल्लीने तो सरकू नये यासाठी ज्या युक्त्या निघाल्या, त्यांवरून कुलपांचे प्रकार पडतात.

सर्वांत जुन्या आणि स्वस्त प्रकारात किल्लीच्या वाटेत आडव्या पट्ट्या असतात. त्यांच्या आकाराप्रमाणे कापलेली किल्लीच आत फिरते. पण या पट्ट्या चुकवणारी बारीक किल्ली बनवली, की अशी अनेक कुलपे एकाच किल्लीने उघडतात. पत्र्याच्या छोट्या पेट्यांना लावली जाणारी बरीच कुलपे या जातीची असतात.

दुसरा प्रकार लिव्हरचा. धडात एकावर एक पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीला एक खाच असते. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टीला ठरावीक उंचीवर उचलतात. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच खटका सरकतो. एखादी पट्टी कमी उचलली तरी अडते आणि जास्त उचलली तरी अडते. ही दुहेरी अडवणूक इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये आणली. दुकानात ‘सहा लिव्हर’, ‘सात लिव्हर’ असे विचारले जाते ते याच पट्ट्यांबद्दल. प्रत्येक पट्टीसाठी चार वेगवेगळ्या उंची शक्य आहेत असे धरले, तर पाच लिव्हरना १,०२४ आणि सात लिव्हरना १६,३८४ प्रकारच्या किल्ल्या संभवतात. प्रत्यक्षात कारखाने यातल्या काहीच वापरतात, पण लिव्हर वाढले की दुसऱ्याची किल्ली लागण्याची शक्यता झपाट्याने कमी होते, हे खरे.

तिसरा प्रकार पिनचा. अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात तो आजच्या रूपाला आणला. दाते कापलेली चपटी किल्ली छोट्या दुभागलेल्या पिना उचलते; सगळ्यांचे जोड एका पातळीवर आले की आतला गोल दट्ट्या फिरतो. हे कुलूप आकाराने लहान करता येते आणि पुष्कळदा किल्लीशिवाय, नुसती दांडी दाबून बंद होते. अशी सोय असली की किल्ली आत विसरून दार बंद होण्याचा धोकाही येतो.

१८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने त्या काळची अभेद्य मानली जाणारी दोन इंग्रजी कुलपे उघडून दाखवली. त्यातल्या ब्रामा कुलपाला त्याला १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. चोराकडे एवढा वेळ नसतो. म्हणूनच तो सहसा कुलूप ‘उघडत’ नाही. ते तोडतो किंवा त्याच्या आजूबाजूचे काहीतरी उखडतो.

मुंबई, अलीगड, दिंडिगल

भारतात कुलपांची तीन ठिकाणे विशेष प्रसिद्ध आहेत. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना सुरू केला. गोदरेजचे ‘नवताल’ हे लिव्हरचे कुलूप पुढे इतके रुळले, की अनेक घरांत मोठ्या कुलपाला नवतालच म्हणतात. उत्तर प्रदेशातल्या अलीगडला तर ‘तालानगरी’ हेच नाव पडले आहे. तिथे कुलपांचे अनेक भाग छोट्या कारखान्यांत आणि घराघरांत तयार होतात. तमिळनाडूतल्या दिंडिगलच्या हाताने बनवलेल्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

बोर्डीत कुलूप कशाला लागते

बोर्डी आणि शेजारचे घोलवड चिकूसाठी ओळखले जातात. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाडीला कुंपण असले तरी फळे कुलपात ठेवता येत नाहीत. कुलूप लागते ते फाटकाला, अवजारांच्या खोलीला आणि मुख्य म्हणजे पंपाच्या खोपीला. मोटर, स्टार्टर आणि तांब्याची केबल या चोरीला जाणाऱ्या वस्तू. पंपाचे कुलूप वीज येईल तेव्हा, प्रसंगी रात्री, ताबडतोब उघडावे लागते. ते जाम झाले तर त्या दिवसाचे पाणी चुकते.

किनाऱ्यावर होड्यांची इंजिने, जाळी आणि डिझेलचे कॅन सांभाळावे लागतात. पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारने ठरवलेली १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. या काळात सामान खोलीत जाते आणि ऐन पावसात कुलूप दोन महिने हलत नाही. मुंबईकरांची सुट्टीपुरती उघडणारी घरे त्याहून जास्त दिवस बंद राहतात. गावातल्या शाळांच्या वसतिगृहांत पत्र्याच्या पेटीचे छोटे कुलूप हीच एखाद्या मुलाची सगळी खासगी जागा असते.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर चित्र वेगळे दिसते. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहिलेल्या घराची भिंत पुष्कळदा कारवीच्या काड्यांची, शेणामातीने लिंपलेली, म्हणजे कुडाची असते. अशा भिंतीसमोर लोखंडी कुलपाची ताकद किती, हे सगळ्यांनाच माहीत असते. तिथे कुलूप हा एक निरोप असतो: घर सोडून दिलेले नाही, घरचे परत येणार आहेत. त्या घराची खरी राखण शेजारी करतात.

आधी कडीकोयंडा पाहावा

कुलूप घेण्यापूर्वी ते जिथे लागणार ती जागा पाहणे शहाणपणाचे. खालच्या गोष्टी दहा मिनिटांत तपासता येतात.

- कडी लावल्यावर कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील, तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन येणाऱ्याला कुलपाला हातही लावावा लागत नाही. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालून नट आतल्या बाजूने आवळावा.
- चौकटीचे लाकूड वाळवीने किंवा ओलीने पोकळ झाले असेल, तर पहारीच्या एका झटक्यात कोयंडा निघतो. आधी लाकूड दुरुस्त करावे.
- दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागऱ्या बाहेर येतात. त्यांची खीळ काढता येते का ते पाहावे.
- दांडी आणि कोयंडा यांत जितकी मोकळी जागा, तितकी कटर किंवा पहार घालायला सोय. कोयंड्याच्या भोकात दांडी जेमतेम बसेल असे कुलूप निवडावे.
- साखळी कुलपाच्या दांडीपेक्षा बारीक असेल तर पैसे कुलपावर वाया गेले असे समजावे.

खारी हवा काय करते

समुद्राच्या फवाऱ्यातले मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर येऊन धातूवर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की मीठ हवेतले पाणी शोषून विरघळते आणि धातूवर खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्त असते. त्यामुळे पाऊस थेट न लागलेले कुलूपही आतून ओले राहते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. लिव्हरमधल्या फटी आधीच बारीक असतात. त्या गंजाने भरल्या की पट्ट्या हलत नाहीत. मग जोर लावला की किल्ली आत मोडते.

पितळ गंजत नाही, म्हणून किनाऱ्यावर पितळी कुलूप घ्यावे, हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. पितळी कुलपाची दांडी बहुधा पोलादी असते. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला दुबळा, इथे पोलाद, अधिक लवकर झिजतो. त्यामुळे धड चकचकीत आणि दांडी धडात शिरते तिथेच गंजून रुतलेली, असे दृश्य दिसते. दांडीवरचा क्रोमचा मुलामा एकदा टोचला गेला की खालचे पोलाद उघडे पडते. पितळी धड आणि स्टेनलेस स्टीलची दांडी ही जोडी जास्त टिकते. स्टेनलेसमध्येही फरक आहे: ३०४ प्रतीवर समुद्राकाठी ठिपके पडतात, मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत खारे पाणी अधिक सोसते.

निगा

खोबरेल किंवा खाद्यतेल घातले की कुलूप लगेच हलके फिरते, पण काही आठवड्यांनी ते तेल चिकट होते आणि त्यावर वाळू बसते. ग्रीसचेही तसेच. पेन्सिलीच्या शिशाची पूड कोरड्या गावात चांगली चालते. किनाऱ्यावर मात्र ते ग्रॅफाइट खाऱ्या ओलीत धातूची झीज वाढवू शकते. इथे सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचा फवारा बरा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुलूप गोड्या पाण्याने धुवून मीठ काढावे, मग उन्हात पूर्ण वाळवावे आणि त्यानंतरच फवारा मारावा. मिठावरच तेल सोडले तर मीठ आतच राहते. वापर असो वा नसो, महिन्यातून एकदा किल्ली फिरवावी. किल्लीचे भोक खाली राहील असे कुलूप लटकवावे, म्हणजे पाणी साचत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वरून झापेसारखा लावणे हा स्वस्त आणि योग्य उपाय आहे. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधणे मात्र चुकीचे. त्यात ओल कोंडते.

जाम कुलपावर जोर करू नये. गंज सोडवणारा फवारा दांडीच्या दोन्ही भोकांत आणि किल्लीच्या भोकात मारून काही तास थांबावे, धडावर हलके ठोके द्यावेत आणि मगच किल्ली फिरवावी.

कायदा आणि विमा

चोरी किंवा अन्य गुन्ह्यासाठी बंद घराचे कुलूप उघडून आत शिरणे ही कायद्याने घरफोडी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. कुलूप दहा रुपयांचे की हजाराचे, याने गुन्ह्याच्या व्याख्येत फरक पडत नाही.

विम्यात मात्र तुटलेल्या कुलपाला किंमत येते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये असे ठरवले, की पॉलिसीत बळाने केलेल्या प्रवेशाची अट असेल तर बळाचा वापर न होता झालेल्या चोरीची भरपाई मागता येत नाही. म्हणून चोरी झाल्यावर तुटलेले कुलूप किंवा उखडलेला कोयंडा फेकू नये, हलवूही नये. आधी पोलिसांना कळवावे, फोटो काढावेत आणि पंचनामा होऊ द्यावा.

जिथे कुलूप नको

आत माणसे असताना बाहेरून कुलूप लावणे हा कुलपाचा सर्वांत घातक वापर. न्यूयॉर्कमधल्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली तेव्हा बाहेर पडण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. त्या आगीत १४६ कामगार मरण पावले. रात्री आत झोपलेल्या राखणदारावर किंवा मजुरांवर सुरक्षेच्या नावाखाली बाहेरून कुलूप घालणे म्हणजे तोच धोका. माणसे असलेल्या खोलीचे दार आतून, किल्लीशिवाय उघडता आलेच पाहिजे. खिडकीच्या गजांना कुलूप असेल तर त्याची किल्ली आत, हाताशी टांगलेली हवी.

बंद घराच्या बाबतीत दुसरी किल्ली ओळखीच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. ती तुळशी वृंदावनाखाली किंवा चौकटीवर ठेवण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, चोरालाही. शिवाय किल्ली ज्याच्याकडे आहे तो महिन्याला एकदा कुलूप उघडून पाहतो. त्यामुळे कुलूप चालते राहते आणि घरात कुणाची तरी ये-जा असल्याचे बाहेर दिसते.