जात्यावरून तबकडीवर

१९०२ साली कलकत्त्यास गोहरजान ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यापुढे गायिली, त्या वेळी जळगावात चौधऱ्यांची २२ वर्षांची एक सून दळणकांडण करीत होती. पुढे १९५१ पर्यंत ती जगली. मुंबईची आगगाडी रोज जळगावावरून धावत होती. पण गाणे टिपणारे ते यंत्र काही ४९ वर्षांत तिच्या जात्यापाशी पोहोचले नाही. म्हणून बहिणाबाईंची गाणी आपल्यापाशी आहेत, आवाज नाही.

गाणी तरी कशी राहिली? बाईंना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव, तो स्वतः कवी, आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी कानावर पडले ते कागदावर उतरवून ठेवले. आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन १९५२ साली पुस्तक निघाले, तेव्हा बाई नव्हत्या. शेजारी धुळ्यास राजवाड्यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ उभे आहे. जुनी दप्तरे, पोथ्या यांना तिथे हक्काचे घर मिळाले. दळणाऱ्या बाईच्या गळ्याला असे घर कोण देणार?

ते दिले सिनेमाने, हे कबूल करायला हवे. १९६१ च्या 'मानिनी'त वसंत पवारांनी या गाण्यांना चाली लावल्या. संसाराचे आणि सुगरणीच्या खोप्याचे, ही दोन्ही गाणी सुमन कल्याणपूर गायिल्या, आणि ज्यांनी पुस्तक कधी उघडले नाही अशा घरांतही ती पोहोचली.

पण वाचकहो, जात्यावरचे गाणे तबकडीत बसवायचे म्हणजे काय करायचे, याचा विचार करून पाहा. जात्यावर गाण्याला लांबी नसते. सुपातले दाणे संपले की ते थांबते. त्या काळी घरोघर वाजे ती ७८ फेऱ्यांची दहा इंची तबकडी, आणि तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. म्हणजे कडवी निवडणे आले. कोणते ठेवायचे, कोणते गाळायचे, हे आता दाण्यांनी नव्हे, संगीतकाराने ठरवायचे. पाळूची घरघर हाच जिथे सूर आणि खुंट्याचा फेरा हाच ताल, तिथे वाद्यमेळ आला. शिवाय जात्यावरची बाई कुणाला ऐकवण्यासाठी गात नाही. ती मध्येच थांबते, मूठभर वैरण घालते, पुन्हा धरते. वाद्यमेळाला ही उसंत कुठली!

बोलीचा प्रश्न तर आणखी नाजूक. बहिणाबाईंची लेवा बोली. धुळ्याकडे सरकले की अहिराणी लागते, तिचा बाज निराळा. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा 'डोया' होतो. शहरात वाढलेल्या गळ्याने हा 'य' नुसता उच्चारून भागत नाही, तो तोंडात मुरावा लागतो. पुढे यशवंत देवांच्या चालींवर उत्तरा केळकरांनी ही गाणी गायिली, ती मला अधिक जवळची वाटतात. तिथे वाद्ये मागे राहतात आणि शब्द पुढे येतो.

आमच्या आजीला मात्र कुठलेच ध्वनिमुद्रण पसंत नव्हते. "गाते छान," ती म्हणे, "पण हिचं पीठ कुठंय?"