ट्यूलिपची खूण

सोनोग्राफीचं माहेर दवाखाना नव्हे, कारखाना. लोखंडाच्या जोडात चीर आहे का, हे ध्वनिलहरी सोडून तपासणारं यंत्र स्कॉटलंडमधल्या रेनफ्र्यूच्या बॉयलर कारखान्यात होतं. १९५५च्या जुलैत ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून तिथे गेले. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ, दोन्हींचे प्रतिध्वनी वेगळे उमटले. १९५८मध्ये सहकारी डॉक्टर मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राऊन यांच्यासह त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

तेव्हा नुसत्या बाह्यरेषा दिसत. बाळाची जननेंद्रियं दिसायला यंत्राची नजर पुष्कळ बारीक व्हावी लागली. त्यातून हे अवयव फसवे. नवव्या आठवड्यापर्यंत मुलगा-मुलगी दोघांचेही सारखेच दिसतात. एकाच मुळातून ते पुढे वेगळे घडतात. ती घडण मध्येच अडली, तर मुलग्याच्या मूत्रमार्गाचं तोंड टोकाऐवजी खालच्या बाजूला उघडतं. हा हायपोस्पेडियास. तो तीव्र असेल तर शिश्न खाली वाकून दुभंगलेल्या अंडकोषाच्या दोन पाळ्यांमध्ये दडतं. पडद्यावर हे चित्र ट्यूलिपच्या फुलासारखं दिसतं, म्हणून माइझनर आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये या खुणेला तेच नाव दिलं. मला हे नाव आवडतं. व्यंगाला फुलाचं नाव देणाऱ्याची नजर मायेची असते.

आपल्याकडे पडद्यावरच्या याच जागेनं घात केला: मुलगी आहे हे कळलं की गर्भ पाडला जाऊ लागला. महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली १९९१ला ९४६ होत्या, २०११ला ८९४. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये केला, केंद्राचा १९९४मध्ये झाला. बंदी हवीच होती, आजही हवी. जन्मजात व्यंग शोधायला मात्र कायद्यात मुभा आहे. इथेच पेच पडतो: ट्यूलिप दिसलं असं सांगणं म्हणजे मुलगा आहे असं सांगणंच.

जन्माआधी हे सांगणं असं अवघड, म्हणून आपल्याकडे बाळाच्या पहिल्या दिवसाची तपासणी फार मोलाची. हायपोस्पेडियासची शस्त्रक्रिया बहुधा सहा ते अठरा महिन्यांच्या वयात होते, तिथे थोडी सवड असते. पण अवयव मुलीचे की मुलाचे हेच कळत नसेल, तर कारण अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीचा विकार असू शकतो; त्यात पहिल्या काही आठवड्यांतच शरीरातलं मीठ घटून बाळ दगावू शकतं. घरी नेण्याआधी दुपटं सोडून, लख्ख उजेडात, बालरोगतज्ज्ञांकडून बाळ तपासून घ्या. शंका असेल तर लाजून गप्प बसू नका, त्याच दिवशी विचारा.