महानायकांचे व्हिडिओ खेळ

अमेरिकन कॉमिक्समधील, म्हणजे चित्रकथांतील, महानायकांवर आधारलेले खेळ. पराभवाची शक्यता नसेल, तर खेळात रस उरत नाही. चित्रकथेतील महानायक मात्र बहुधा अजिंक्य असतो. ही विसंगती सोडविणे, हा या रूपांतरातील मूळ प्रश्न होय.

अटारी कंपनीच्या सुपरमॅन (१९७९) या आरंभीच्या खेळातील आकृत्या ओबडधोबड होत्या. तथापि त्यात नायकाला मृत्यू नव्हता. क्रिप्टोनाइटच्या स्पर्शाने त्याची उड्डाणशक्ती लोपे व लोइस लेनची भेट झाल्यावरच ती परत मिळे. मूळ कथेतील वर्मच अशा रीतीने खेळाचा नियम बनले. निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी १९९९ मध्ये निघालेल्या सुपरमॅन खेळात त्रिमितीय दृश्ये होती. परंतु ठराविक वेळात कड्यांमधून उडण्याच्या कंटाळवाण्या कसरतींत नायकाचे सामर्थ्य प्रत्ययास येत नसे. समीक्षकांनी त्यावर कठोर टीका केली.

लंडनमधील रॉकस्टेडी स्टुडिओजचा बॅटमन : आर्कम असायलम (२००९) हा खेळ यशस्वी रूपांतराचा नमुना मानला जातो. त्यातील बॅटमन बंदुकीच्या गोळ्यांपुढे फार काळ टिकत नाही. म्हणून त्याला उंचावरील अंधारात दबा धरून शत्रूंना, ठार न मारता, एकेक करून निष्प्रभ करावे लागते. नायकाच्या मर्यादा व नीती यांना नियमांत स्थान मिळाले, की पडद्यावरील आकृतीत मूळ व्यक्तिरेखेची ओळख पटते.